आधी छेद ठरवा: सीमाभागात आरोग्याचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातली बरीच मुलंमुली आता नर्सिंग, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य असं काहीतरी शिकतात आणि शेवटच्या वर्षाला प्रकल्प समोर येऊन ठाकतो. विषय ठरलेले असतात: गरोदर बायकांमधला रक्तक्षय, तंबाखू, शुगर, सर्पदंश. मग दवाखान्यात जायचं, रजिस्टर मागायचं, शंभर केसपेपर उतरवून घ्यायचे आणि ‘आमच्या तालुक्यात अमुक टक्के’ असं लिहून मोकळं व्हायचं. ते ‘अमुक टक्के’ लिहिण्याआधी काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगतो.

साथरोगशास्त्र म्हणजे आजार कोणाला, कुठे, किती होतो याचा अभ्यास. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा म्हणजे एक अपूर्णांक. वर अंश: किती जणांना आजार झाला. खाली छेद: किती जणांना होऊ शकला असता. दवाखान्यात बसून फक्त अंश मिळतो, तोही अर्धामुर्धा. आपल्या भागात तर माणूस उपचाराला तीन राज्यांत फिरतो आणि कागद मात्र जिथल्या तिथे राहतो. म्हणून इथे काम करणाऱ्याने छेदापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

१. प्रश्न लहान करा

‘खानापूर तालुक्यातील आरोग्याच्या समस्या’ हे झालं शीर्षक, त्यात प्रश्न कुठे आहे? प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोण, कुठे, कोणत्या काळात, आणि नेमकं काय मोजायचं.

नमुना बघायला लांब जायला नको. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक प्रयोग झाला. घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टर जवळ नसताना बाळंत होणाऱ्या बाईला एएनएम सिस्टरने मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या, तर बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव कमी होतो का, एवढाच प्रश्न. १,६२० बायका. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. इतकं मोठं काम आपल्याच उपकेंद्रांतून उभं राहिलं, कारण औषध कोण देणार, कुठे, कोणाला आणि मोजायचं काय हे आधीच पक्कं होतं.

तुमच्या प्रकल्पाला प्रयोग करायचा नाही, पाहणी करायची आहे. तरी प्रश्न तितकाच नेमका हवा. ‘जांबोटी आणि कणकुंबी भागातल्या वाड्यांवर राहणाऱ्या, सध्या गरोदर असलेल्या बायकांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आहे, आणि ते प्रमाण खानापूर शहरातल्या गरोदर बायकांपेक्षा जास्त आहे का?’ असा प्रश्न विचारला की पुढची निम्मी कामं आपोआप ठरतात. विषमता म्हणजे तुलना. ‘कोणाच्या मानाने’ हे प्रश्नातच आलं पाहिजे.

२. छेद: माणसं कोणाची मोजायची

पहिली अडचण जनगणनेची. हाताशी आकडे २०११ चे आहेत आणि पुढची जनगणना लांबत गेली. त्यात तालुके फुटले. २०११ च्या तक्त्यात निपाणी चिक्कोडीत सापडते, कागवाड अथणीत, मुडलगी गोकाकमध्ये, कित्तूर बैलहोंगलमध्ये. आजच्या निपाणी तालुक्याची लोकसंख्या हवी असेल तर गावं एकेक करून जोडावी लागतात. जिल्ह्याचं नावही २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या-नव्या फायली संगणकावर जोडताना अर्ध्या ओळी गळून पडतात. गावांची नावं मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरी. उपाय सोपा आहे: नावाने जोडूच नका, जनगणनेतल्या गावाच्या कोड नंबरने जोडा. पहिल्या दिवशी गावांची यादी कोडसह करून ठेवली की पुढचे कित्येक दिवस वाचतात.

दुसरी अडचण खरी मोठी. गावात ‘राहतो’ कोण? खानापूरच्या पश्चिमेकडचं तरुण पोरगं गोव्यात, नाहीतर पुण्यात. अथणी-चिक्कोडीकडे ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास खोपी टाकतात आणि हंगाम संपला की उठून जातात. त्या खोपीतली गरोदर बाई तुमच्या यादीत आहे की नाही? नियम तुम्हीच ठरवायचा, पण सुरुवातीलाच ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. ‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक रात्री याच घरात झोपलेली व्यक्ती’ असा नियम बऱ्याच कामांना चालतो. स्थलांतरित मजुरांचा प्रश्न असेल तर तोच नियम घातक ठरतो, कारण ज्यांना शोधायला निघालो तेच वगळले जातात.

आशाताईंकडे साधारण हजार लोकवस्तीची यादी असते, अंगणवाडीत लहान मुलांची आणि गरोदर-स्तनदा बायकांची. दोन्ही घ्या, ताडून बघा. जुळत नाहीत ती घरं स्वतः जाऊन पाहा. अथणीकडे मळ्यात राहणारी कुटुंबं आणि खानापूरकडे जंगलातले गवळीवाडे हेच बहुतेक वेळा दोन्ही याद्यांतून निसटलेले असतात, आणि आजाराचं ओझंही बहुधा तिथेच जास्त असतं.

३. अंश: आजारी माणूस कुठे नोंदला जातो

निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. अथणीचा माणूस मिरजेला जातो, त्याच्या आज्यानेही तेच केलं. कणकुंबीचा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना आपल्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घ्यायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही राज्यांत वाजलं. राजकारण बाजूला ठेवा. अभ्यास करणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की कोणती योजना कुठे चालते यावरही रुग्ण कुठे नोंदला जाईल हे बदलतं. एखाद्या वर्षी चिक्कोडीच्या दवाखान्यातल्या हृदयाच्या केसेस घटल्या, तर लोक बरे झाले असं समजू नका. रस्ता बदलला असेल.

जन्म-मृत्यूच्या नोंदीचंही असंच. १९६९ च्या कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथे तिची नोंद होते. आता आपल्याकडच्या सोयरिकी आठवा. कागल-गडहिंग्लजची लेक निपाणीला दिलेली, पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यापर्यंत तपासण्या कर्नाटकात, तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांचं कार्ड) कर्नाटकाचं, प्रसूती महाराष्ट्रातल्या दवाखान्यात, जन्माची नोंद तिकडे, आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत सासरी, लस इकडच्या अंगणवाडीत. निपाणीच्या रजिस्टरवर ती बाई ‘तपासणी सोडून गेलेली’ दिसते. उलट बेळगावची लेक चंदगडला दिलेली असेल तर हिशेब उलटा. यात कुणी कामचुकार नाही, पण फक्त रजिस्टरवरून टक्केवारी काढली तर आशाताईच्या माथी विनाकारण खापर फुटतं.

तापाच्या साथीत हा गुंता जिवावर बेततो. गोचिडीमुळे होणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे. हे दोन्ही भाग खानापूरच्या जंगलाला लागून. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस जातात. एवढ्या वेळात काजूच्या बागेत कामाला गेलेला माणूस घरी परततो. म्हणून तापाच्या रुग्णाला ‘गाव कोणतं’ एवढं विचारून भागत नाही. ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे कामाला गेला होता, रानात शिरला होता का’ हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच.

थोडक्यात, घरोघर जाऊन विचारा. घरात विचारलं की बाळंतपण कोल्हापुरात झालं काय नि बांबोळीत काय, अंश तुमच्याच छेदावर बसतो. सर्पदंशाचं उदाहरण घ्या. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत घातला. चांगलंच झालं. पण भातशेतात चावलं, आधी मांत्रिकाकडे नेलं आणि वाटेतच गेला, असा मृत्यू दवाखान्याच्या फॉर्ममध्ये येणार कसा? देशात वर्षाला साधारण ५८ हजार लोक साप चावून मरतात हा अंदाजसुद्धा घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करूनच निघाला. दवाखान्यांच्या नोंदींत तो आकडा कधीच दिसला नव्हता.

४. परवानग्या

हे कंटाळवाणं आहे, तरी टाळता येत नाही. कॉलेजच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी आधी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून संमतीचं प्रकरण तरी वाचा. मग जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). अर्ज कन्नडमध्ये द्या. तुम्हाला येत नसेल तर वर्गातल्या मित्राकडून लिहून घ्या. उगाच अभिमानाचा प्रश्न करून महिना घालवलेले पाहिले आहेत. संमतीपत्र मात्र समोरच्या बाईला समजेल त्या भाषेत: मराठी, कन्नड, उर्दू, आणि घाटाकडच्या वाड्यांवर कोकणी समजणारं माणूस बरोबर. लिहिता-वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि तुमच्या गटाबाहेरचा साक्षीदार ठेवा.

५. किती घरं, आणि कोणती

एकच प्रमाण काढायचं असेल, ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल आणि पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ३८४ माणसं लागतात. गावागावांतून गट करून घेणार असाल तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट: ५७६. काही जण भेटणार नाहीत, काही नको म्हणतील, त्यासाठी दहा टक्के धरून साधारण ६४०.

पण विषमता मोजायची तर हा हिशेब पुरत नाही. वाड्यांवर ५० टक्के आणि शहरात ४० टक्के, असा दहा टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक बाजूला साधारण ३८५ हव्यात, त्याही दीडपट करण्याआधी. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात: एकूण दोनशे नमुने, त्यात वाडीवरच्या सव्वीस, आणि निष्कर्ष ‘लक्षणीय फरक आढळला नाही’. फरक नाही असं त्यावरून सिद्ध होत नाही. तो दिसेल एवढी माणसंच घेतली नव्हती. वेळ कमी असेल तर प्रश्न आणखी लहान करा, दुसरं काय.

घरं निवडताना चौकातून सुरुवात करून रस्त्याने सरळ जायचा मोह आवरा. चौकातली घरं पक्की, ओळखीची, चहा देणारी. यादी क्रमाने मांडा, चिठ्ठीने पहिलं घर काढा, मग ठरावीक अंतराने पुढचं. घर बंद असेल तर शेजारचं घेऊ नका, परत जा. खानापुरात रोप लावणीच्या दिवसांत दुपारी घरात म्हातारी आणि कुत्रं सोडून कोणी नसतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर जायचं, किंवा लावणी उरकल्यावर पाहणी ठेवायची.

६. विचारायचं कसं

पहिल्या फेरीत हमखास घडणारा हा संवाद. मुलगी फॉर्म धरून विचारते, ‘मावशी, तंबाखू खाता का?’

‘छे गं बाई. आम्ही तसलं काय खात नाही.’

फॉर्मवर ‘नाही’. शेजारी बसलेली आशाताई गालात हसते. मग मुलगी पुन्हा विचारते, ‘आणि मशेरी?’

‘ती तर लागतेच की सकाळी. त्याबिगर परसाकडंच होत नाही.’

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, हे मावशीला माहीत नाही असं नाही. पण तंबाखू खाणं हे पुरुषांचं व्यसन आणि मशेरी हे दात घासणं, अशी वाटणी पक्की आहे. म्हणून वस्तू एकेक करून विचारा: विडी, सिगारेट, गुटखा, जर्दा, पानातला तंबाखू, मशेरी, नाकात ओढायची तपकीर. निपाणी भागात पुढचा प्रश्नही जोडा: विड्या वळता का, तंबाखूच्या वखारीत काम करता का? तोंडात न घालताही दिवसभर त्या धुळीत बसणारी बाई ‘तंबाखू न वापरणारी’ या रकान्यात गुपचूप जाऊन बसते.

तारखांचं तसंच. ‘ताप कधी आला होता?’ याला तारीख मिळत नाही. सणावर, हंगामावर लावा: गणपतीच्या आधी की नंतर, सुगीत की लावणीत, २०१९ च्या पुरानंतर? अशी गावची दिनदर्शिका आधी करून ठेवा आणि एका गोष्टीवर डोळा ठेवा: बेंदूर. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. ‘बेंदराला झालं बघा’ म्हटलं की कोणता ते विचाराच, नाहीतर बाळाच्या वयात महिन्याचा घोळ होतो.

हिमोग्लोबिन मोजायचं तर सगळ्यांचं एकाच पद्धतीने. बोटातून घेतलेल्या रक्ताचा आकडा आणि शिरेतून घेतलेल्याचा आकडा सारखा येत नाही. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) १५ ते ४९ वयाच्या बायकांत रक्तक्षय कर्नाटकात ४७.८ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के, आणि आमच्या पाहणीत ६१’ असं लिहायच्या आधी बघा: त्यांचं बोटातलं रक्त, तुमचं शिरेतलं. त्यांच्यात सगळ्या बायका, तुमच्यात फक्त गरोदर. मग तुलना कशाची? गरोदर बाईचा आकडा ७ च्या खाली निघाला तर त्याच दिवशी सिस्टरला कळवून तिला पुढे पाठवा. पाहणी संपेपर्यंत थांबायचं नाही.

आणि विषमता मोजायची म्हणून फक्त जात आणि उत्पन्न विचारून थांबू नका. दवाखान्यापर्यंत किती किलोमीटर याऐवजी विचारा, पावसाळ्यात किती तास. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांना ओढे भरले की किलोमीटरचा काही अर्थ उरत नाही. डॉक्टर-सिस्टर जी भाषा बोलतात ती तुम्हाला कळते का, गोळ्या कशा घ्यायच्या ते कोणी समजावलं, हेही विचारा. याचा संबंध आजाराशी आहे की नाही ते आकडे सांगतील, आधीच ठरवून जाऊ नका.

७. आकड्यांवर बसताना

वयाचा हिशेब केल्याशिवाय दोन गावांची तुलना करू नका. समजा दोन गावं, दोन्हींत दोन हजार माणसं. जंगलाकडच्या गावातले तरुण बाहेर, त्यामुळे ६०० जण साठीच्या पुढचे. बेळगावजवळच्या गावात साठीच्या पुढचे २००. पहिल्या गावात वर्षात ३१ मृत्यू, दुसऱ्यात १९. हजारी १५.५ विरुद्ध ९.५. बातमी तयार: ‘जंगलभागात मृत्यू दीडपटीहून जास्त!’

आता वयाने फोडा. पहिल्या गावात साठीपुढचे २४ गेले, म्हणजे हजारी ४०. दुसऱ्यात १०, हजारी ५०. साठीच्या आत दोन्हीकडे हजारी ५. दोन्ही गावांत दहा टक्के म्हातारे असते असं धरून पुन्हा मांडा: पहिलं गाव ८.५, दुसरं ९.५. चित्र उलटलं. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण खानापुरात हा प्रकार खराच होतो. त्यातही आणखी एक पेच आहे: पुण्या-गोव्याला राबणारा तरुण फार आजारी पडला की गावी आणतात. कमावता असताना तिकडच्या छेदात, मरताना आपल्या अंशात. मृत्यू कुठे झाला याबरोबर ‘आजारी पडला तेव्हा कुठे राहत होता’ हे विचारलं तरच हा पेच सुटतो.

जिल्ह्याची सरासरी सांगून थांबू नका, ही माझी नेहमीची तक्रार. पश्चिमेला सह्याद्रीचा धो धो पाऊस, पूर्वेला अथणीकडे टँकरची वाट बघणारी गावं. सत्तेचाळीस लाखांच्या वर लोकसंख्येच्या या जिल्ह्याची एक सरासरी काढली तर ती यातल्या कोणत्याच गावची नसते.

आणि कमी आकड्यांच्या रकान्यांना जपा. एखाद्या गावात एचआयव्ही असलेल्या तीन बायका, त्यातली एक अमुक गल्लीतली, असा तक्ता छापला की नाव न लिहिताही नाव कळतं. पाचपेक्षा कमी संख्या असेल तर दोन-तीन गावं एकत्र करून दाखवा.

८. परत जाणं

अहवाल कॉलेजला दिला की काम संपलं असं धरतात. निदान दोन पानं मराठीत आणि दोन कन्नडमध्ये करा. पीडीओंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला, आणि ज्या आशाताईंनी उन्हातान्हात घरं दाखवली त्यांना द्या. त्यात टक्केवारीपेक्षा नावाने वाड्या लिहा: कोणत्या वाडीचं नाव कोणत्या यादीत नव्हतं, कुठल्या वाडीतल्या बायकांचं बाळंतपण सीमेपलीकडे होतं, कुठे लोहाच्या गोळ्या पोचतात पण खाल्ल्या जात नाहीत. तालुका अधिकाऱ्याला लगेच हलवता येईल अशी माहिती हीच असते. पलीकडच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यालाही एक प्रत पाठवा, चंदगड, कागल, दोडामार्ग जे लागून असेल तिथे. ते कामाचं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

गावांची कोडसह यादी, कोरा फॉर्म, राहणाऱ्यांचा नियम आणि नावं काढून टाकलेली फाईल एका पेनड्राइव्हवर विभागात ठेवून जा. पुढच्या वर्षीच्या मुलांना बेंदराचा घोळ पुन्हा पहिल्यापासून निस्तरायला लागू नये.